विश्लेषण : ‘एआय’च्या उच्चशिक्षणासाठी पैसे कुठून आणायचे? गिरणीमालक जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये काय मार्ग काढला होता?

भिवंडी : मागांच्या खडखडाटात अभ्यास करून अभियांत्रिकीची पदवी मिळाली. गुणही चांगले आहेत. आता कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजेच ‘एआय’ वापरून विज्ञानात संशोधन करायचे आहे. पण परदेशातले शिक्षण म्हटले की घरात पहिला प्रश्न येतो पैशांचा आणि दुसरा, कर्ज फेडायचे कसे?

हा प्रश्न नवा नाही. १८९२ मध्ये एका कापड गिरणीच्या मालकाने त्यावर तोडगा काढला होता. त्यांचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा. त्यांनी सुरू केलेली योजना आजही चालू आहे.

विज्ञानात ‘एआय’चे काय काम?

२०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पाहिले तर उत्तर मिळते. त्यातील अर्धा वाटा डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला. त्यांच्या ‘अल्फाफोल्ड’ या एआय प्रणालीने प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधण्याचे काम सोपे केले. एका प्रथिनाची रचना प्रयोगशाळेत शोधायला अनेकदा वर्षे लागत. या प्रणालीने २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज दिले. औषधे, नवे पदार्थ, हवामान अशा अनेक क्षेत्रांत हेच तंत्र शिरले आहे.

भिवंडीकरांना यातला एक धागा ओळखीचा वाटेल. जॅकार्ड मागावर कोणती नक्षी उमटणार, हे भोके पाडलेली कार्डे ठरवत. १९ व्या शतकात चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच कल्पना घेतली. संगणकाच्या इतिहासात मागाची जागा अशी पहिल्या पानावर आहे.

कोण होते जमशेटजी?

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारीत एका पारशी घरात झाला. वडील नसरवानजी मुंबईत व्यापार करत. १४ व्या वर्षी जमशेटजी मुंबईत आले. एल्फिन्स्टन कॉलेजमधून १८५८ मध्ये शिक्षण पूर्ण करून ते वडिलांच्या व्यवसायात उतरले.

२६ व्या वर्षी कोसळले सगळे

अमेरिकेत यादवी युद्ध सुरू असल्याने तिथला कापूस इंग्लंडला मिळत नव्हता. त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव एकदम गडगडले. मुंबईतल्या अनेक पेढ्या बुडाल्या, त्यात टाटांचीही होती. जमशेटजी त्या वेळी लंडनमध्ये होते.

ते पळाले नाहीत. धनकोंसमोर जाऊन त्यांनी खरी परिस्थिती मांडली. धनकोंनी त्यांच्याच हाती हिशेब मिटवण्याचे काम दिले, महिना २० पौंड पगारावर. इकडे मुंबईत नसरवानजींना राहता वाडा विकावा लागला. कर्जाचे ओझे म्हणजे काय, हे जमशेटजींनी तरुण वयातच अनुभवले.

गिरणीत नवे तंत्र

१८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी सुरू केली. पुढच्या वर्षी चिंचपोकळीतली एक बुडीत तेलगिरणी घेऊन तिथे कापड गिरणी उभारली आणि दोन वर्षांनी ती नफ्यात विकली. मग त्यांनी नागपूर निवडले. कापूस पिकतो तिथेच गिरणी, असा साधा हिशेब होता. १ जानेवारी १८७७ रोजी ‘एम्प्रेस मिल’ सुरू झाली.

रिंग स्पिंडल हे सूतकताईचे नवे यंत्र त्यांनी लवकर आणून वापरले. त्या काळी लँकेशायरच्या अनेक गिरण्या जुन्याच यंत्रांवर चालत होत्या. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाईची सोय केली. यंत्र नवे हवे तसा ते चालवणारा माणूसही शिकलेला हवा, हे त्यांनी गिरणीत पाहिले होते.

१८९२ : शिष्यवृत्ती, पण परतफेडीची

या वर्षी त्यांनी ‘जे. एन. टाटा एन्डाउमेंट’ सुरू केली. गुणवान भारतीयांना परदेशात उच्चशिक्षणासाठी पैसे द्यायचे, पण दान म्हणून नव्हे, तर कर्ज म्हणून. विद्यार्थ्याने शिकून कमवायला लागल्यावर रक्कम परत करायची. त्याच पैशातून पुढच्या विद्यार्थ्याला मदत होते.

ही रक्कम परत आली नाही, तर पुढच्या विद्यार्थ्याची संधी हुकते. म्हणजे इथे विद्यार्थी सावकाराचे नव्हे, तर आपल्या मागून येणाऱ्याचे देणे फेडतो.

सुरुवातीच्या काळात लाभ घेणाऱ्यांमध्ये डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या महिला डॉक्टर होत्या. १९२४ पर्यंत भारतीय नागरी सेवेतल्या दर पाच भारतीयांपैकी दोन जण ‘टाटा स्कॉलर’ होते. पुढे अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा, माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन आणि कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनीही याच मदतीवर परदेशात शिक्षण घेतले.

न पाहिलेली विज्ञान संस्था

मुले परदेशी पाठवणे पुरेसे नव्हते. संशोधन इथेच व्हावे, म्हणून जमशेटजींनी मुंबईतल्या ३० लाख रुपयांच्या मालमत्ता देऊ केल्या. ३१ डिसेंबर १८९८ रोजी नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यापुढे योजना मांडली गेली. कर्झन यांना दोन शंका होत्या. एवढे शिकायला विद्यार्थी मिळतील का आणि शिकल्यावर त्यांना काम कोण देणार?

परवानग्यांत वर्षे गेली. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले. त्यांची मुले दोराबजी आणि रतनजी यांनी वडिलांचा शब्द पाळला. म्हैसूर संस्थानाने सुमारे ३७१ एकर जमीन दिली. १९०९ मध्ये बंगळुरूत भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी आले. आज त्याच संस्थेत एआयमध्ये एम.टेक. करता येते.

आजच्या विद्यार्थ्यापुढे कोणते मार्ग?

* देशात एम.टेक. : ‘गेट’ उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. ते परत करावे लागत नाही.

* देशात पीएचडी : पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती २०१८ मध्ये सुरू झाली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेतील तंत्रज्ञान संशोधनासाठी पाच वर्षांत १० हजार अधिछात्रवृत्त्या जाहीर झाल्या.

* परदेशात : ‘जे. एन. टाटा एन्डाउमेंट’ आजही दरवर्षी अर्ज मागवते. ही मदत परतफेडीची आहे, हे अर्ज करण्यापूर्वी घरात नीट समजावून सांगावे.

* राज्य सरकार : अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर प्रवर्गांसाठीही स्वतंत्र योजना आहेत. उत्पन्नमर्यादा आणि मुदत दरवर्षीच्या जाहिरातीत तपासावी.

कर्झन यांची शंका आजही घराघरांत ऐकू येते : एवढे शिकून पुढे काय? जमशेटजींना त्याचे उत्तर स्वतःच्या हयातीत मिळाले नाही. तरीही स्वतः एकदा कर्जात बुडालेल्या या माणसाने अनोळखी मुलांच्या शिक्षणासाठी पैसे उसने दिले आणि ती फेड आजही पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येते आहे.