यंत्रवेडे माधवराव महाराज

पानिपतच्या रणातून जखमी होऊन परतलेल्या महादजी शिंद्यांचे नाव मराठी घरांतील मुलांच्या कानी लहानपणीच पडते. त्यांच्याच घराण्यात पुढे असा एक राजा झाला, की ज्याचे मन तलवारीपेक्षा इंजिनात अधिक रमत असे. ते म्हणजे ग्वाल्हेरचे श्रीमंत माधवराव महाराज शिंदे.

त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. १८८६ च्या जून महिन्यात जयाजीराव महाराज निवर्तले, तेव्हा माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते. एवढ्या कोवळ्या वयात गादी मिळाली, तरी राज्याचा कारभार काही वर्षे नेमलेल्या मंडळाकडेच राहिला. १८९४ च्या अखेरीस, वयाच्या अठराव्या वर्षी, पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले.

तरुण महाराजांना यंत्रांची विलक्षण आवड होती. आगगाडीत बसून प्रवास करण्यावर त्यांचे समाधान होत नसे. इंजिन स्वतः चालवून पाहण्याची त्यांना हौस होती. त्यांनी ग्वाल्हेरास दोन फूट रुंदीच्या रुळांची एक छोटी आगगाडी सुरू केली. १८९५ च्या सुमारास तिची लांबी अवघी चौदा मैल होती आणि तिचा उपयोग मुख्यतः महाराजांच्या शिकारीसाठी व करमणुकीसाठी होत असे. परंतु हा खेळ तेवढ्यावर थांबला नाही. १८९९ मध्ये ही अरुंद रुळांची रेल्वे सर्व लोकांसाठी खुली झाली. तिची एक शाखा भिंडकडे, दुसरी शिवपुरीकडे आणि तिसरी श्योपूरकडे गेली. श्योपूरची सुमारे दोनशे किलोमीटरांची वाट १९०९ मध्ये पुरी झाली. जेथे बैलगाडीस कित्येक दिवस लागत, तेथे माणूस आणि माल एका दिवसात पोहोचू लागला.

ज्या वर्षी ही रेल्वे लोकांसाठी खुली झाली, त्याच वर्षी छप्पनच्या दुष्काळाची छाया राजपुताना व मध्य हिंदुस्थानावर पसरली होती. अशा काळात एका गावी धान्य असून भागत नाही. ते उपाशी गावापर्यंत न्यावे लागते. राजाच्या करमणुकीचे रूळ आणि प्रजेच्या उपयोगाचे रूळ यांत केवढे अंतर आहे, हे अशा वेळी उमगते. माधवरावांनी ते अंतर ओलांडले, हे त्यांच्या चरित्रातील मोठे पाऊल होय.

तरीही त्यांच्यातील खेळकर मूल कायम राहिले. जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहातील चांदीची आगगाडी ही त्याची साक्ष आहे. मेजावर अंथरलेल्या रुळांवरून विजेवर चालणारे चिमुकले इंजिन सात डबे ओढीत फिरे. प्रत्येक डब्यावर एकेक इंग्रजी अक्षर असून सातही अक्षरे मिळून शिंदे घराण्याचे नाव होते. जेवणानंतर मद्य, चिरूट आणि सुका मेवा घेऊन ही गाडी पाहुण्यांसमोरून जाई. कोणी आपल्यापुढील सुरई उचलली, की गाडी आपोआप थांबे आणि सुरई जागेवर ठेवली, की पुन्हा चालू लागे. विजेचा प्रवाह अखंड वाट मिळाली तरच वाहतो. ती वाट कोठेही तुटली, की मोटर थांबते. या साध्या नियमावर असे चमत्कार उभे असतात.

याच गाडीविषयी एक आख्यायिका सांगतात. एकदा मोठ्या मेजवानीच्या वेळी विजेच्या जोडणीत बिघाड झाला आणि गाडी कोणाचे न ऐकता भरधाव धावत सुटली; पाहुण्यांच्या भारी पोशाखांवर खाद्यपदार्थ उडाले. आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी. पण तिच्यात एक सत्य दडलेले आहे. यंत्र राजाचा हुकूम मानीत नाही. ज्याला त्याचा बिघाड शोधता येतो, त्याचेच ते ऐकते.

विद्यार्थीमित्रांनो, ही गोष्ट आजच्या खेळण्यांनाही लागू पडते. चांदीच्या गाडीला रुळांची वाट होती. परंतु १८९८ मध्येच निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्क येथे तारेवाचून, दुरून चालविलेली लहान नाव लोकांना दाखविली होती. तिचाच वंश पुढे वाढून आज दगडधोंड्यांच्या वाटेवर चढणारे, रेडिओने चालणारे छोटे ट्रक मुलांच्या हाती आले आहेत. अशा ट्रकात बॅटरी, वेग सांभाळणारा नियामक, संदेश घेणारा रिसीव्हर, मागची-पुढची चाके फिरविणारी मोटर आणि चाके वळविणारा सर्व्हो असतो. कधी कधी दगडावर चढताना चाके वळविली, की ट्रक एकाएकी निश्चेष्ट होतो आणि क्षणभराने पुन्हा जागा होतो. उतावळा मुलगा मोटरच बदलतो. परंतु दोष बहुधा निराळाच असतो. अडकलेली चाके वळविण्यासाठी सर्व्हो एकदम पुष्कळ वीज ओढतो, त्यामुळे रिसीव्हरला मिळणारा दाब घसरतो आणि तो क्षणभर बंद पडतो. जुन्याच्या जागी अधिक जोरकस सर्व्हो बसविला, तर हा दोष वाढतो; कारण त्याची भूकही मोठी असते. त्याला स्वतंत्र वीजपुरवठा दिला, म्हणजे दोष नाहीसा होतो. म्हणून आधी बॅटरी, मग जोडण्या, मग एकेक भाग, असे क्रमाने तपासावे. एका वेळी एकच बदल करावा. दिसणाऱ्या लक्षणापाशी न थांबता त्याच्या मुळाशी जावे.

मुळाशी न गेल्यास काय होते, याचा दारुण अनुभव माधवरावांच्या राज्यासही आला. ग्वाल्हेरास पाणी मिळावे म्हणून सांक नदीवर तिघ्रा येथे मोठे धरण बांधण्यात आले. ते १९१६ मध्ये उभे राहिले आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटले. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी मुरत गेले होते. वरून भिंत मजबूत दिसत होती, दोष मात्र डोळ्यांआड होता. खालच्या प्रदेशात पुराने हाहाकार झाला आणि फार मोठी प्राणहानी झाली. खेळण्यातला बिघाड हसून विसरता येतो. धरणाचा बिघाड पिढ्यांना विसरता येत नाही. परंतु तिघ्रा सोडून देण्यात आले नाही. धरणाची पुन्हा बांधणी झाली आणि आजही ग्वाल्हेरकरांच्या घरी तेथलेच पाणी येते.

माधवरावांचा दृष्टिकोन इतर कार्यांतही दिसून येतो. १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढली. तीच पुढे किल्ल्यावरील सिंदिया स्कूल म्हणून नावारूपास आली. १९०० मध्ये चीनमधील युद्धाच्या वेळी त्यांनी एक रुग्णालय-जहाज पाठविले. १९०५ मध्ये सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा आजही भरतो. टाटांच्या पोलाद कारखान्यास खेळते भांडवल हवे होते, तेव्हा चार लाख पौंडांचे सर्व कर्जरोखे त्यांनी एकट्याने घेतले. देशात पोलाद तयार व्हावे, ही इच्छा त्यामागे असावी असे मानण्यास जागा आहे.

५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे पुत्र जिवाजीराव तेव्हा नऊ वर्षांचेही पुरे झाले नव्हते. पोरके बालपण पित्याप्रमाणे पुत्राच्याही वाट्यास आले. शिवपुरी येथे माधवरावांची छत्री आहे.

काळाच्या ओघात बरेच बदलले. २०२० मध्ये श्योपूरची अरुंद रुळांची गाडी बंद झाली आणि त्या मार्गावर मोठे रूळ टाकण्याचे काम हाती घेण्यात आले. माधवराव राजे होते. त्यांच्या हौसेला खजिन्याचा आधार होता आणि चांदीच्या गाडीतला विलास आजच्या मनाला खटकेल, हेही खरे. परंतु इंजिनाजवळ जाऊन ते कसे चालते हे समजून घेण्याची त्यांची जिज्ञासा आणि आपल्या आवडीची गोष्ट लोकांच्या कामी लावण्याची त्यांची बुद्धी यांना खजिना लागत नाही. ज्या मुलाच्या हाती एक पेचकस आणि मोडके खेळणे आहे, त्यालाही हे दोन्ही गुण आजपासून अंगी बाणविता येतील.