शुगर रे रॉबिन्सन : मुष्टियुद्धातील श्रेष्ठत्वाचा मानदंड

एखाद्या मुष्टियोद्ध्याला सर्वकालीन श्रेष्ठ कशाच्या आधारे म्हणावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीत नव्याने विचारला जातो. कोणी अपराजित कारकीर्दीचा दाखला देतो, कोणी विजेतेपदांची संख्या मोजतो, तर कोणी ठोशातील ताकदीला महत्त्व देतो. वादाची सुरुवात कोठूनही झाली, तरी त्यात एक नाव हमखास येते, ते म्हणजे शुगर रे रॉबिन्सन. विशेष म्हणजे, ज्यांच्याशी आजही इतरांची तुलना केली जाते, त्या रॉबिन्सन यांच्या नावावर १९ पराभव नोंदलेले आहेत.

रॉबिन्सन यांचा जन्म ३ मे १९२१ रोजी झाला. त्यांचे मूळ नाव वॉकर स्मिथ. बालपणाची काही वर्षे डेट्रॉइटमध्ये गेल्यानंतर त्यांची आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आली. गरिबीच्या त्या दिवसांत जॉर्ज गेनफोर्ड या प्रशिक्षकांच्या हाताखाली त्यांनी मुष्टियुद्धाचे धडे घेतले. स्पर्धेत उतरण्यासाठी लागणारे ओळखपत्र त्यांच्याकडे नव्हते. तेव्हा रे रॉबिन्सन नावाच्या दुसऱ्या मुलाचे ओळखपत्र त्यांनी वापरले आणि ते उसने नावच पुढे जगप्रसिद्ध झाले. त्यांच्या खेळातील गोडव्यामुळे त्याला शुगर हे विशेषण जोडले गेले. १९३९ आणि १९४० मध्ये त्यांनी हौशी खेळाडूंसाठी प्रतिष्ठेची मानली जाणारी गोल्डन ग्लोव्ह्ज स्पर्धा दोन वेगवेगळ्या वजनगटांत जिंकली.

ऑक्टोबर १९४० मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे त्यांच्या व्यावसायिक कारकीर्दीला प्रारंभ झाला. पहिल्या ४० लढती त्यांनी सलग जिंकल्या. ५ फेब्रुवारी १९४३ रोजी डेट्रॉइटमध्ये त्यांच्याहून वजनदार असलेल्या जेक लामोटा यांनी त्यांना पहिल्यांदा पराभूत केले. अवघ्या तीन आठवड्यांत रॉबिन्सन पुन्हा लामोटा यांच्यासमोर उभे राहिले आणि जिंकले. या दोघांमध्ये एकूण सहा लढती झाल्या. त्यांपैकी पाच रॉबिन्सन यांनी जिंकल्या. त्या पहिल्या पराभवानंतर आठ वर्षांहून अधिक काळ, ९१ लढतींत, त्यांना कोणीही हरवू शकले नाही.

असे असूनही पहिल्या विश्वविजेतेपदासाठी त्यांना सहा वर्षे वाट पाहावी लागली. डिसेंबर १९४६ मध्ये टॉमी बेल यांना हरवून ते वेल्टरवेट गटाचे विजेते ठरले. त्या काळी वजनगट मोजके होते आणि प्रत्येक गटात साधारणपणे एकच विजेता मानला जाई. आज त्याहून कितीतरी अधिक गट आणि चार प्रमुख संघटना असल्यामुळे एकाच वेळी अनेक खेळाडू विश्वविजेते म्हणवून घेऊ शकतात. साहजिकच तेव्हाच्या आणि आताच्या विजेतेपदांची नुसती संख्या मोजून तुलना करता येत नाही.

या यशाला एक वेदनादायी किनारही होती. २४ जून १९४७ रोजी क्लीव्हलंडमध्ये जिमी डॉयल यांच्याशी त्यांची लढत ठरली होती. आपल्या ठोशाने डॉयल मरण पावल्याचे स्वप्न आदल्या रात्री पडल्याने रॉबिन्सन माघार घेण्याच्या विचारात होते. धर्मगुरूंनी समजूत घातल्यावर ते रिंगणात उतरले. आठव्या फेरीत डाव्या हाताच्या ठोशाने डॉयल कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर रॉबिन्सन यांनी आपल्या मानधनातून डॉयल यांच्या आईला आर्थिक आधार दिला.

१४ फेब्रुवारी १९५१ रोजी शिकागो येथे लामोटा यांची लढत तेराव्या फेरीत थांबवावी लागली आणि रॉबिन्सन मिडलवेट गटाचे विजेते झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनमध्ये रँडॉल्फ टर्पिन यांनी त्यांच्याकडून हे पद हिरावले. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये रॉबिन्सन यांनी ते परत मिळविले.

जून १९५२ मध्ये त्यांनी आणखी वरच्या लाइट हेवीवेट गटात जोई मॅक्सिम यांना आव्हान दिले. यांकी स्टेडियममधील त्या रात्री उकाडा इतका असह्य होता, की दहाव्या फेरीनंतर पंचच बदलावे लागले. गुणांमध्ये आघाडीवर असूनही रॉबिन्सन चौदाव्या फेरीसाठी उठू शकले नाहीत. सुमारे २५ वर्षांच्या व्यावसायिक कारकीर्दीत लढत अर्धवट सोडावी लागण्याचा हा त्यांच्यावरील एकमेव प्रसंग. प्रतिस्पर्ध्याच्या ठोशांपेक्षा उष्म्यानेच त्यांना नमविले.

त्यानंतर निवृत्ती स्वीकारून त्यांनी रंगमंचावर नर्तक म्हणून नशीब आजमावले. तेथे अपेक्षित यश न मिळाल्याने १९५५ मध्ये ते पुन्हा रिंगणात आले आणि बोबो ओल्सन यांना हरवून विजेते बनले. मे १९५७ मध्ये मागे सरकत असताना त्यांनी डाव्या हाताने मारलेला हूक जीन फुलमर यांना खाली पाडून गेला. तो ठोसा मुष्टियुद्धाच्या इतिहासातील सर्वांत अचूक ठोशांपैकी एक मानला जातो. मार्च १९५८ मध्ये कार्मेन बॅसिलिओ यांना नमवून त्यांनी मिडलवेट विजेतेपद पाचव्यांदा पटकावले. तेव्हा त्यांचे वय ३६ वर्षे होते.

कमावलेली संपत्ती मात्र टिकली नाही. हार्लेममधील व्यवसाय, गुलाबी कॅडिलॅक मोटार आणि सोबतचा मोठा लवाजमा काळाच्या ओघात हातून गेला. पैशांसाठी ते चाळिशी उलटल्यावरही लढत राहिले. त्यांच्या १९ पराभवांपैकी बहुतांश याच उतरत्या काळातील आहेत. नोव्हेंबर १९६५ मध्ये ते अखेरची लढत हरले. पुढे लॉस एंजेलिस येथे त्यांनी मुलांसाठी संस्था उभारली. अखेरच्या वर्षांत अल्झायमरने ग्रासलेल्या रॉबिन्सन यांचे १२ एप्रिल १९८९ रोजी निधन झाले.

सुमारे २०० व्यावसायिक लढती, १७० हून अधिक विजय आणि त्यांपैकी शंभरहून अधिक नॉकआउट, ही त्यांची शिदोरी. अलीकडच्या काळात फ्लॉइड मेवेदर २०१७ मध्ये ५० लढतींत ५० विजय मिळवून निवृत्त झाले. त्या कामगिरीचे मोल कमी नाही. तथापि, रॉबिन्सन यांचे जीवन श्रेष्ठत्वाची वेगळी कसोटी मांडते. वजनाने भारी प्रतिस्पर्ध्याला न टाळणे, ज्याने हरविले त्याच्यासमोर पुन्हा उभे राहणे आणि गमावलेले पद परत मिळविणे, ही ती कसोटी होय. पराभवाचा रकाना कोरा ठेवण्यापेक्षा ती अधिक कठीण आहे.