‘टेन्शन’चे बारसे करणारा माणूस : हान्स सेल्ये

सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलच्या पॅसेजमध्ये एकच शब्द ऐकू येतो, टेन्शन! डॉक्टर लोक त्याला स्ट्रेस म्हणतात. आपल्या स्ट्रेन्थ ऑफ मटेरियल्समधला हा शब्द दवाखान्यात नेऊन बसवला तो हान्स सेल्ये यांनी.

सेल्ये यांचा जन्म २६ जानेवारी १९०७ चा, व्हिएन्नातला. वडील लष्करात सर्जन. प्रागला डॉक्टरी शिकताना सर प्रत्येक पेशंटच्या रोगाची खास लक्षणे सांगायचे. या पोराच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. रोग कुठलाही असो, सगळ्यांचे चेहरे उतरलेले, भूक मेलेली, अंग मोडून आलेले असे का?

उत्तर मिळाले ते उंदरांकडून. कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ते नवे हार्मोन शोधत होते. गायीच्या अंडाशयाचा अर्क टोचलेल्या उंदरांत तीन बदल दिसले : मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगलेली, थायमस आक्रसलेली, जठरात व्रण. नवे हार्मोन सापडले म्हणून स्वारी खूश! पण दुसऱ्या अवयवांचे अर्क टोचले तरी तेच, आणि साधे फॉर्मॅलिन टोचले तरी तेच. हार्मोनचे स्वप्न तिथेच बोंबलले. दुसऱ्या कुणी उंदीर फेकून दिले असते. सेल्येंना प्रागचे पेशंट आठवले. थंडी, अतिश्रम, जखम, काहीही असो, शरीराचे उत्तर एकच. ४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’मध्ये त्यांचे एका पानात मावणारे टिपण छापून आले.

शब्दाची मात्र गंमत झाली. यूटीएमवर सळई खेचताना स्ट्रेस म्हणजे क्षेत्रफळावर येणारे बल आणि स्ट्रेन म्हणजे सळईत होणारा बदल. सेल्ये सांगत होते शरीरातला बदल, म्हणजे स्ट्रेन! इंग्रजी मातृभाषा नसल्याने घोटाळा झाला, हे त्यांनी पुढे मान्यही केले. तोवर शब्द जगभर गेला होता. मग बाहेरच्या कारणासाठी त्यांनी ‘स्ट्रेसर’ हा नवा शब्द काढला. आपल्या ओरलला असे चालले नसते, असो.

एक गोष्ट मात्र खटकते. त्यांनी सिगारेट कंपन्यांचा पैसा घेतला आणि धूम्रपानाने ताण हलका होतो, अशी बाजू मांडली. कंपन्यांची कागदपत्रे खुली झाल्यावर हे सविस्तर बाहेर आले. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, मिळाले कधीच नाही. १६ ऑक्टोबर १९८२ रोजी माँट्रियललाच ते वारले.

ग्रंथी फुगते हे सेल्येंनी दाखवले, पण तिचे हार्मोन पेशीवर काम कसे करते? त्यासाठी पेशीत रिसेप्टर नावाचे प्रथिन लागते. कुलपात किल्ली बसावी तसे हार्मोन त्यात बसते. उंदरातले हे हार्मोन कॉर्टिकोस्टेरॉन. १९६८ साली न्यूयॉर्कच्या ब्रूस मॅकएवेन यांनी ते किरणोत्सारी करून टोचले, तर मेंदूत ते हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मरणशक्तीच्या जागीच जाऊन साठले!

आज रिसेप्टर मोजायला तयार किट मिळते. ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट, तळाला अँटिबॉडीचा थर. उंदराच्या ऊतींचा अर्क ओतला की रिसेप्टर थराला चिकटतो. उरलेले धुऊन टाकायचे, एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी घालायची, मग रंगद्रव्य. निळा रंग येतो, आम्ल घातले की पिवळा होतो. ४५० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचे आणि स्टँडर्ड कर्व्हवरून प्रमाण काढायचे. रिसेप्टर किती आहे एवढेच यातून कळते. तो काम किती करतोय, त्याला वेगळी चाचणी लागते. सेल्येंकडे यातले काहीच नव्हते. कात्रीने ग्रंथी काढायच्या आणि तराजूवर तोलायच्या, एवढेच.