विजेला वाट दाखविणारा

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील सागाच्या व बांबूच्या अरण्यांवर मृगाचे ढग जमू लागले, की विजांचा कडकडाट सुरू होतो. उघड्या शेतात राबणारी माणसे व झाडाखाली आसरा घेणारी गुरे अशा वेळी विजेला बळी पडतात. शहरातील उंच काँक्रीटच्या इमारतींवर मात्र एक टोकदार सळई उभी केलेली असते आणि तिच्यापासून निघालेली धातूची पट्टी थेट जमिनीत पुरलेली असते. वास्तूंच्या रक्षणाची ही युक्ती जगाला देणारा पुरुष म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन होय.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बोस्टन या गावी झाला. वडील साबण व मेणबत्त्या बनवीत. सतरा भावंडांच्या त्या कुटुंबात बेंजामिनच्या वाट्याला शाळेची जेमतेम दोन वर्षे आली. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून राहिला. दिवसभर खिळे जुळवावेत आणि रात्री उसन्या आणलेल्या पुस्तकांचे वाचन करावे, असा त्याचा क्रम होता. पुढे भावाशी पटेना, तेव्हा सतराव्या वर्षी त्याने घर सोडले व फिलाडेल्फिया शहर गाठले. तेथे स्वकष्टाने त्याने स्वतःचा छापखाना उभारला, १७३१ साली ग्रंथालय स्थापन केले आणि १७३६ साली आग विझविणाऱ्या स्वयंसेवकांचे पथक उभे केले. लोकांची घरे सुरक्षित राहावीत, ही तळमळ त्याच्या ठायी प्रथमपासूनच होती.

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी धंद्यातून निवृत्त होऊन त्याने विद्युत्‌शास्त्राला वाहून घेतले. आकाशातील वीज ही दैवी कोपाची खूण होय, असा त्या काळी अनेकांचा समज होता. युरोपात वादळ आले की चर्चच्या घंटा वाजवीत. परंतु उंच मनोऱ्यावर वीज पडून घंटा वाजविणारेच मृत्युमुखी पडत. घर्षणाने निर्माण होणारी ठिणगी आणि ढगांतील वीज या एकच, असे फ्रँकलिनचे अनुमान होते. १७५२ च्या मे महिन्यात त्याने सुचविलेला प्रयोग फ्रान्समध्ये यशस्वी झाला. त्याच वर्षी जूनमध्ये, ती वार्ता पोहोचण्यापूर्वीच, त्याने आपल्या मुलाच्या साहाय्याने ढगांत रेशमी पतंग उडविला. भिजलेल्या दोरीला बांधलेल्या किल्लीजवळ बोट नेताच ठिणगी उडाली. पतंगावर प्रत्यक्ष वीज कोसळली नाही, म्हणूनच तो वाचला. हा प्रयोग कोणीही करून पाहू नये.

तो किती घातक होता, हे पुढच्याच वर्षी दिसून आले. सेंट पीटर्सबर्ग येथील शास्त्रज्ञ रिचमन याने घराच्या छपरावरील लोखंडी सळई आपल्या उपकरणाला जोडली होती. पण ती जमिनीला जोडलेली नव्हती. वादळात निरीक्षणासाठी तो जवळ जाताच विजेचा लोळ त्याच्या कपाळावर आदळला व तो तत्काळ गतप्राण झाला. विजेला भूमीत जाण्यास वाट नव्हती. तिने माणसाच्या देहातून वाट काढली.

फ्रँकलिनच्या शोधाचे मर्म नेमके येथेच आहे. सळई कितीही उंच असली, तरी तिचे खालचे टोक ओल्या जमिनीत खोल गेलेले नसेल, तर ती घराचे रक्षण करू शकत नाही. ती कशी बसवावी याची कृती त्याने १७५३ सालच्या आपल्या पंचांगात छापली व सर्वांना खुली केली. तिच्यावर त्याने मालकी हक्क घेतला नाही. १७५५ साली बोस्टन परिसरात भूकंप झाला, तेव्हा या सळयांनी वीज जमिनीत साठविल्यामुळेच तो झाला असावा, अशी शंका एका धर्मोपदेशकाने काढली. तरीही लोकांना अनुभव येत गेला आणि घरोघरी सळया उभ्या राहू लागल्या.

पुढे फ्रँकलिनने अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी झटून १७७६ च्या जाहीरनाम्यावर सही केली. १७ एप्रिल १७९० रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्याच्या काळी रोहित्रे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, नव्हती. आज बहुमजली इमारतीला वीज पुरविणाऱ्या रोहित्राची लोखंडी पेटी दोन स्वतंत्र पट्ट्यांनी जमिनीला जोडतात. यालाच अर्थिंग म्हणतात. इमारतीच्या काँक्रीटमधील सळयाही त्याला जोडता येतात. रोहित्राच्या आतील तारांचे आवरण खराब झाले, तर वीज पेटीवर येते. अर्थिंग नसेल, तर पेटीला स्पर्श करणाऱ्याची गत रिचमनसारखी होते. अर्थिंग असेल, तर वीज पट्टीवाटे निघून जाते, फ्यूज वितळतो व पुरवठा बंद पडतो. चंद्रपूरच्या कडक उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि कोरड्या मातीतून वीज सहज जात नाही. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून ओल राखावी लागते. ते पाणी घालणारा कामगार नकळत फ्रँकलिनचेच कार्य पुढे चालवीत असतो.