बोलपटाचे जनक : अर्देशीर इराणी

मुलांनो, तुम्ही चित्रपट पाहता. त्यातली माणसे बोलतात, गातात. पण एके काळी आपले चित्रपट मुके होते. त्यांना वाणी दिली अर्देशीर इराणी यांनी.

त्यांचा जन्म ५ डिसेंबर १८८६ रोजी पुण्यात झाला. १९२६ साली त्यांनी मुंबईत ‘इंपीरियल फिल्म कंपनी’ काढली. मूकपटांचा धंदा चांगला चालत होता. तरी त्यांनी बोलपट काढण्याचे धाडस केले.

काम सोपे नव्हते. स्टुडिओजवळून रेल्वेगाड्या जात. त्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात येई. म्हणून गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर चित्रीकरण करावे लागे. मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवून ठेवत. आवाज आणि चित्र एकाच फितीवर उमटे. त्यामुळे शब्द चुकला, की सारे पुन्हा करावे लागे. ध्वनिमुद्रणाचे काम इराणी यांनी स्वतः शिकून घेतले.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात ‘आलम आरा’ झळकला. हा भारताचा पहिला बोलपट. त्याची भाषा तुमच्या ओळखीची, हिंदी-उर्दू होती. त्यात सात गाणी होती. पहिले गाणे वझीर मोहम्मद खान यांनी फकिराच्या भूमिकेत गायिले. गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले.

पुढे १९३७ साली त्यांनी ‘किसान कन्या’ हा रंगीत चित्रपट काढला. त्याच्या लेखनात उर्दू कथाकार सआदत हसन मंटो यांचा वाटा होता. १४ ऑक्टोबर १९६९ रोजी इराणी यांचे निधन झाले.

आज ‘आलम आरा’ची एकही प्रत उपलब्ध नाही. पण पडद्यावर कोणी बोलू लागले, की रात्री जागून काम करणाऱ्या या माणसाची आठवण ठेवा.