कॉर्सेटच्या देशात नऊवारी

नेऱ्याहून हिंजवडीची बस धावत पकडताना टाइट जीन्समुळे कधी दम लागलाय? मग हे वाचाच. १८८३ साली अमेरिकेत बायका कॉर्सेट आवळून कंबर बारीक करायच्या. बरगड्या दबायच्या, श्वास अपुरा पडायचा, चक्कर यायची. त्याच वर्षी १८ वर्षांच्या आनंदीबाई जोशी तिथे डॉक्टरकी शिकायला गेल्या. पेहराव बदलणार नाही, हे त्यांनी निघण्याआधीच जाहीर केलं होतं. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या आणि थंडी कडाक्याची! मग त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. १८८७ मध्ये क्षयाने पुण्यात गेल्या, अवघ्या २१व्या वर्षी. तिकडे फॅशनचा धाक, इकडे समाजाचा. तुमचे कपडे कोण ठरवतं?