उतागावा हिरोशिगे : निसर्गचित्रांतील श्रम आणि व्यापार

एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, असे मालवणजवळील देवबाग आहे. पर्यटकाला हा किनारा रम्य वाटतो. रापण ओढणाऱ्यांसाठी मात्र ती कष्टाची जागा असते. निसर्ग आणि श्रम यांचे असे एकत्र दर्शन जपानी चित्रकार उतागावा हिरोशिगे यांच्या काष्ठमुद्राचित्रांत, म्हणजे लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांत, घडते.

हिरोशिगे यांचा जन्म १७९७ मध्ये एदो (आजचे टोकियो) येथे झाला. वडील अग्निशमन दलात कनिष्ठ सामुराई अधिकारी होते. १८०९ मध्ये आईवडील दोघेही निवर्तले आणि वडिलांचे पद कोवळ्या वयात त्यांच्याकडे आले. १८११ च्या सुमारास ते उतागावा तोयोहिरो यांचे शिष्य झाले. पुढे ते पद घरातील वारसाकडे सोपवून त्यांनी केवळ चित्रांवर उपजीविका करण्याचे ठरवले. ठरावीक वेतन सोडून बाजारावर विसंबणे हे धाडसच होते.

एदो ते क्योतो या तोकाइदो महामार्गावरील ५३ मुक्कामांची त्यांची ५५ चित्रांची मालिका १८३३-३४ च्या सुमारास प्रसिद्ध झाली आणि त्यांना कीर्ती मिळाली. या मालिकेतील शोनोच्या चित्रात अकस्मात कोसळणाऱ्या पावसात पालखीवाहक चढ चढताना दिसतात. अन्यत्र हमाल प्रवाशांना खांद्यावर घेऊन ओई नदी पार करतात. पाऊस, नदी आणि घाट हे येथे केवळ देखावे नाहीत. त्यांच्याशी झुंजतच माणसे पोट भरतात.

ही चित्रेही सामूहिक श्रमातूनच निर्माण होत. प्रकाशक भांडवल घाली, चित्रकार रेखाटन करी, कोरक चेरीच्या लाकडावर ठसे कोरी आणि मुद्रक एकेका रंगाचा ठसा कागदावर उमटवी. त्यामुळे चित्रे स्वस्त झाली व सामान्यांच्या घरी पोहोचली. परदेशातून येणारा प्रशियन निळा रंगही व्यापारामुळेच त्यांच्या आकाशात आणि पाण्यात उतरला.

१८५६ पासून त्यांनी एदोच्या प्रसिद्ध स्थळांची मालिका रचली. १८५८ मध्ये, कॉलऱ्याच्या साथीच्या वर्षी, त्यांचे निधन झाले. या मालिकेतील दोन चित्रांवरून व्हॅन गॉग यांनी १८८७ मध्ये तैलचित्रे रंगवली. हिरोशिगे यांची सही आज जगभर ओळखली जाते. त्यांचे ठसे कोरणारे बहुतेक हात मात्र अनामिकच राहिले. त्यांच्या कलेचा अभ्यास करताना या हातांचाही विचार करणे आवश्यक आहे.